विक्रमी मतदान की घटलेलं मतदान? निवडणुकीतून मुलांना चिकित्सा कशी शिकवायची

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला ‘चिकित्सक विचार’ हा शब्द पाठ असतो. शिक्षणशास्त्राच्या किंवा विज्ञान शिक्षणाच्या प्रस्तावात तो उद्दिष्टांच्या यादीत हमखास सापडतो. पण ‘मुलं चिकित्सक विचार करायला शिकली, हे तुम्हाला कसं कळणार?’ असं मुलाखतीत विचारलं की बरेच जण गडबडतात. आज हाच प्रश्न एका ठोस उदाहरणावरून सोडवून बघू. उदाहरण आहे २०२४ ची लोकसभा निवडणूक आणि वर्ग समजा नववीचा.

निवडणूकच का? कारण शाळेतल्या मुलांच्या कानावर एवढे दावे एरवी कधीच पडत नाहीत. घरी, रिक्षात, व्हॉट्सॲपवर प्रत्येक जण काहीतरी ठामपणे सांगत असतो. शिवाय ठरलेल्या दिवशी निकाल लागतो आणि आकडे सगळ्यांसाठी खुले होतात. दावा आधी, पडताळणी नंतर, हा क्रम प्रयोगशाळेबाहेर इतका स्वच्छ क्वचितच मिळतो. आणि २०२४ ला नववीत असलेलं मूल २०२९ मध्ये स्वतः मतदार असेल, हेही विसरू नका.

पहिली पायरी: दावे वेगळे करा

मुलांना ऐकलेली वाक्यं फळ्यावर लिहायला सांगा आणि त्यांचे तीन गट करा. ‘आमच्या मतदारसंघात गेल्या वेळेपेक्षा जास्त मतदान झालं’ हे आकडे बघून तपासता येतं. ‘ही जागा अमुक पक्षच काढणार’ हे भाकीत आहे, ते निकालानंतर तपासता येईल. ‘उमेदवार स्थानिकच हवा’ हे मूल्य आहे. त्यावर चर्चा होऊ शकते, पण कुठलाही आकडा ते खरं किंवा खोटं ठरवू शकत नाही. वर्गातली निम्मी भांडणं तिसऱ्या गटातलं वाक्य पहिल्या गटातलं समजल्यामुळे होतात. (संशोधन प्रस्तावांमध्येही हेच होतं, पण तो वेगळ्या पोस्टचा विषय.)

दुसरी पायरी: छेद विचारा

२०२४ मध्ये ६४ कोटींहून जास्त लोकांनी मतदान केलं. २०१९ मध्ये हा आकडा सुमारे ६१ कोटी होता. म्हणजे विक्रमी मतदान! पण टक्केवारी बघितली तर ती ६७ च्या पुढून ६६ च्या आसपास आली. म्हणजे मतदान घटलं! दोन्ही मथळे खरे आहेत. मधल्या पाच वर्षांत नोंदणी झालेले मतदारच सुमारे ९१ कोटींवरून ९७ कोटींच्या वर गेले, म्हणून हे शक्य झालं. मुलांनी इथून एकच सवय घेऊन जावी: आकडा दिसला की ‘कितीपैकी?’ हे विचारायचं.

आता थोडं अवघड उदाहरण. भाजपला २०१९ मध्ये ३७ टक्क्यांच्या थोडी वर मतं आणि ३०३ जागा मिळाल्या. २०२४ मध्ये साडेछत्तीस टक्क्यांच्या आसपास मतं आणि २४० जागा. काँग्रेसची मतं साडेएकोणीस टक्क्यांवरून एकवीसच्या थोडी पुढे गेली, पण जागा ५२ वरून ९९ झाल्या. ‘लोकांनी पाठ फिरवली’ म्हणणारा जागांचा आकडा दाखवेल, ‘काहीच बदललं नाही’ म्हणणारा मतांचा. मुलांना विचारा, मतं एवढीशी हलली तर जागा एवढ्या कशा हलतात?

उत्तर सांगू नका, खेळ घ्या. शाळेत ५ तुकड्या, प्रत्येकीत २० मुलं. क्रिकेट हवं की कबड्डी यावर मतदान. तीन तुकड्यांत क्रिकेटला ११ आणि कबड्डीला ९ मतं. उरलेल्या दोन तुकड्यांत क्रिकेटला ४ आणि कबड्डीला १६. एकूण मतं मोजा: क्रिकेट ४१, कबड्डी ५९. पण तुकड्या मोजा: क्रिकेट ३, कबड्डी २. मतं कुठे पडली यावर जागा ठरतात, हे मुलांना दहा मिनिटांत कळतं. मग खऱ्या निकालाकडे परत या. युती कोणाची कोणाशी झाली, विरोधातली मतं एकवटली की फुटली, अशी अनेक कारणं मुलं स्वतःहून काढतील. तिथे थांबवून विचारा, ‘यातलं नेमकं कोणतं कारण होतं, हे फक्त या चार आकड्यांवरून सांगता येईल का?’ नाही येणार. आकडा काय घडलं ते सांगतो, का घडलं ते शोधावं लागतं.

तिसरी पायरी: चूक कोणत्या दिशेला?

१ जून २०२४ ला संध्याकाळी बहुतेक मोठ्या एक्झिट पोलनी एनडीएला ३५० च्या वर जागा दिल्या, काहींनी तर ४०० च्या आसपास. ४ जूनला प्रत्यक्षात आल्या २९३. ‘सगळे पोल खोटे असतात’ असं म्हणून सोडून दिलं की शिकणं तिथेच संपतं. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: चुका सगळ्या एकाच बाजूला का झुकल्या?

भाजीवाल्याचा तराजू आठवा. तो कधी थोडं जास्त, कधी थोडं कमी दाखवत असेल, तर दहा वेळा वजन करून सरासरी काढली की आपण खऱ्या वजनाच्या जवळ जातो. पण पारड्याखाली चुंबक चिकटवलेला असेल, तर शंभर वेळा वजन करूनही फसणारच. पहिली यादृच्छिक चूक, दुसरी पद्धतशीर चूक. वेगवेगळ्या संस्थांचे पोल एकाच दिशेला चुकले तर चुंबकासारखं काहीतरी समान असण्याची शक्यता तपासावी लागते. काही गटातले लोक नमुन्यात कमी आले का? काहींनी खरं सांगायचं टाळलं का? मतांवरून जागा काढण्याचं गणित चुकलं का? प्रत्येक शक्यता तपासायला कोणती माहिती लागेल, हे मुलांनी लिहायचं. नमुना मोठा केला की सगळं ठीक होतं, हा समज इथेच गळून पडतो.

खरी परीक्षा: स्वतःची बाजू

इथपर्यंतचं सगळं नीट शिकवूनही एक धोका राहतो. मूल घरून एक बाजू घेऊन आलेलं असतं. छेद, नमुना, पद्धतशीर चूक ही हत्यारं आपण त्याच्या हातात दिली आणि ते ती फक्त समोरच्यावर चालवू लागलं, तर आपण चिकित्सा शिकवलीच नाही. आपल्या घरच्या पक्षासाठी आधीपेक्षा चांगला वकील तेवढा तयार केला. निवडणुकीवरचा तास फसतो तो असा, आणि फसलाय हे कळतही नाही, कारण वर्गात मुलं फार हुशारीने बोलत असतात.

मग मोजायचं कसं? एक साधी रचना बघा. सदोष युक्तिवादाचा एक उतारा घ्या, उदाहरणार्थ ‘आमच्या गल्लीत सगळे अमुक पक्षाचे, म्हणजे जिल्ह्यात तोच जिंकणार’. त्याच्या दोन प्रती करा, फक्त पक्षाचं नाव बदला. प्रत्येक मुलाला एक प्रत आज द्या आणि दुसरी दोन आठवड्यांनी, इतर उताऱ्यांत मिसळून. निम्म्या मुलांना पहिली आधी, निम्म्यांना दुसरी आधी. दोन्हींत दोष सापडला तर उत्तम. एकीतच सापडला तर मूल युक्तिवाद नाही, नाव वाचतंय. या रचनेत मुलाच्या घरची राजकीय पसंती विचारावी लागत नाही, हा मोठा फायदा. लहान मुलांकडून ती माहिती गोळा करणं योग्य नाही आणि नैतिकता समितीही त्याबद्दल विचारणारच. शिक्षकालाही स्वतःचा कल झाकून ठेवता येतो.

याला जोडून एक हस्तांतरण चाचणी हवी. निवडणुकीशी संबंध नसलेली जाहिरात द्या: ‘आमच्या क्लासचे ४० विद्यार्थी ९० टक्क्यांच्या वर!’ मुलाने न सांगता ‘कितीपैकी?’ विचारलं, तर सवय लागली म्हणायची. हा तास न घेतलेला दुसरा वर्गही तुलनेला ठेवा, नाहीतर फरक तासामुळे पडला की मुलं तेवढ्या काळात मोठी झाली म्हणून, हे सांगता येणार नाही.

आता हेच तुमच्या प्रस्तावाला लावून बघा. तुमच्या गृहीतकाच्या विरोधातला पेपर तुम्ही पद्धतीचा भाग उघडून, नमुना मोजत वाचता. बाजूने असलेला पेपर सारांश वाचून संदर्भात टाकता. नववीच्या मुलाच्या दोन प्रतींसारखीच ही परीक्षा आहे. या आठवड्यात तुमच्या बाजूचा एक पेपर विरोधकाच्या नजरेने वाचा, आणि काय दिसलं तर तुम्ही गृहीतक सोडून द्याल, हे एका ओळीत वहीत लिहून ठेवा. मुलाखतीत हा प्रश्न आला तर उत्तर तयार असेल.