अंगठेबहाद्दरांचं गणित

बँकेत माणूस कर्जासाठी जातो, असं आपण धरूनच चालतो. म्हसवडची गोष्ट मात्र उलट्या टोकानं सुरू झाली. सातारा जिल्ह्यातला माण तालुका, कायम पावसाकडे डोळे लावून बसलेला मुलूख. तिथं रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणारी एक बाई तिथल्याच सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांकडे आली. तिला कर्ज नकोच होतं. पावसाळ्याआधी डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद टाकायचा, म्हणून थोडे थोडे पैसे साठवायचे होते. बँका खातं उघडून देईनात. एवढ्याशा रकमेपायी कोण खटाटोप करणार?

मग बायकांनी स्वतःचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला, कारण सभासद बायका निरक्षर, कागदावर सह्यांऐवजी अंगठे. बायकांनी गावी येऊन अक्षरं गिरवली आणि पुन्हा मुंबई गाठली. साहेबांना त्यांनी सांगितलं ते साधारण असं: वाचता येत नसेल, पण हिशेब येतो. कुठल्याही रकमेवरचं व्याज विचारा, तोंडी सांगतो. तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला लावा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

हे धाडस आलं कुठून? आठवडी बाजारातून, असं मला वाटतं. तिथला हिशेब असा: महिना शेकडा दोननं पाच हजार उचलले, तर पाच हजारांत शंभराचे पन्नास वाटे, वाट्याला महिन्याचे दोन, म्हणजे महिना शंभर आणि तीन महिन्यांचे तीनशे. सूत्र नाही, कागद नाही. बोलता बोलता उत्तर तयार.

आता खरी चक्रावणारी गोष्ट. भाजीवाल्यांना सकाळी नऊशे देऊन संध्याकाळी हजार वसूल करणारे सावकार असतात. दिवसाला अकरा टक्के! सरळ व्याजानंही वर्षाचा दर चार हजार टक्क्यांवर जातो. कुठलाही कारखाना या दरानं आठवडाभरात बसेल. आणि ही भाजीवाली सावकाराचे शंभर चुकते करून वर घरी मीठमिरची नेते. म्हणजे तिचा धंदा तोट्यातला नाहीच, कमाई वाटेतच मुरते. तेच नऊशे तिला बँकेच्या दरानं मिळाले तर दिवसाचं व्याज रुपयाच्या आत राहतं. बाकीचे नव्याण्णव कुणी दान दिलेले नाहीत, तिचेच आहेत. ‘गरिबांना व्यवसाय शिकवा’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

बँकेलाही बायकांकडून शिकावं लागलं. पासबुक घरी नको, नवऱ्याला दिसलं की पैसे गेलेच, असं त्यांनी बजावलं. शिवाय रोजगार बुडवून बँकेत यायचं कसं? म्हणून बँकेची माणसं दारात आणि बाजारात जाऊ लागली.

पुढे दुष्काळात एक बाई दागिने गहाण ठेवायला आली. जनावरांना चारा घ्यायचा होता. सोनं तारण आहे, व्याज मिळणार आहे, कुठल्याही बँकेनं आनंदानं सही केली असती. पण पैसे घेऊन चारा आणणार कुठून? चाराच नव्हता, पाणीही नव्हतं. तेव्हा म्हसवडला जनावरांची छावणी उघडली गेली आणि तालुक्यातले शेतकरी गुरं घेऊन तिथं मुक्कामाला आले. पुढं बंधाऱ्यांची कामंही हाती घेतली गेली.