गीतप्रकारांचे वैविध्य आणि श्रोत्यांपर्यंतचा प्रवास : कृष्णवर्णीय संगीत व आंबेडकरी गीतपरंपरा

प्रस्तावना

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. कृष्णवर्णीयांची हार्लेम ही वसाहत तेथून जवळच होती. पुढे १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताशी पत्रव्यवहार केला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली तेव्हा संघटनेचे नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले गेले. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने दलित साहित्याला व्यासपीठ दिले. डॉ. म. ना. वानखेडे व डॉ. जनार्दन वाघमारे यांनी तेव्हा 'निग्रो साहित्य' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साहित्याचा परिचय मराठी वाचकांना करून दिला. हा तौलनिक विचार मराठवाड्याच्या महाविद्यालयीन वर्तुळात चांगला रुजला.

मात्र ही तुलना प्रामुख्याने कविता आणि आत्मकथन या दोन प्रकारांभोवती फिरत राहिली. संगीताच्या वाट्याला त्या मानाने फार थोडे लेखन आले. वस्तुतः दोन्ही समाजांत निरक्षर माणसापर्यंत विचार पोहोचला तो छापील कवितेतून नव्हे, तर गाण्यातून. प्रस्तुत लेखात या दोन्ही गीतपरंपरांतील प्रकारांचे वैविध्य आणि त्यांच्या प्रसाराची साधने यांचा संबंध तपासला आहे. गीतप्रकारांचे वैविध्य हे केवळ कलावंतांच्या प्रतिभेचे फलित नसून प्रत्येक वेळी वेगळ्या श्रोत्यापर्यंत वेगळ्या वाटेने जावे लागल्यामुळे ते निर्माण झाले, असे येथील प्रतिपादन आहे.

एक नाव, अनेक प्रकार

१९२० च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क येथे मॅमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेच्या आवाजात 'क्रेझी ब्लूज' हे गीत ओके कंपनीने ध्वनिमुद्रित केले. तबकडीचा खप अनपेक्षित होता. कृष्णवर्णीय माणूसही पैसे देऊन तबकडी घेतो, हा शोध व्यापाऱ्यांना त्या दिवसांत लागला. त्यानंतर कंपन्यांनी या संगीतासाठी स्वतंत्र याद्या काढल्या आणि त्यांना 'रेस रेकॉर्ड्स' असे नाव दिले. ब्लूज, जॅझ, चर्चमधील भक्तिगीते, धर्मोपदेशकांची प्रवचने असे परस्परांशी फारसे न जुळणारे प्रकार या एकाच नावाखाली आले. त्यांना एकत्र बांधणारे सूत्र संगीताचे नव्हते, श्रोत्याच्या वर्णाचे होते. 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकाने १९४९ मध्ये हे नाव बदलून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' केले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. 'रेस' हा शब्द त्या काळी केवळ गोऱ्यांनी लादलेला नव्हता. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत तो अभिमानानेही वापरला जाई. 'भीमगीत' या नावाचे स्वरूप काहीसे असेच आहे. हे नाव समाजाने स्वतः, प्रेमाने दिले. पण कॅसेटच्या दुकानातील खणावर ते लागले की त्यात पोवाडा, पाळणा, कव्वाली, गझल, लग्नगीत, बुद्धवंदना, खंजिरीवरचे भजन, सर्व काही एकत्र पडते. अभ्यासकही पुष्कळदा त्या खणापाशीच थांबतात. गीताच्या आशयावर ते लिहितात, पण ताल, वाद्य, गाण्याची वेळ आणि समोरचा श्रोता यांविषयी मौन पाळतात.

जलसा, ओवी, कव्वाली

आंबेडकरी जलशाची पूर्वपीठिका सत्यशोधक जलशात आहे आणि सत्यशोधक जलशाचा आराखडा तमाशातून आलेला आहे. गण, गवळण, बतावणी, वग ही चौकट श्रोत्याच्या परिचयाची होती. ती मोडून टाकली असती तर माणसे जमली नसती आणि तशीच ठेवली असती तर परिवर्तन झाले नसते. म्हणून चौकट राखून तिचा आशय बदलण्यात आला. १९३० च्या दशकात नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम अत्यंत परिणामकारक रीतीने केले. आपल्या दहा सभांची बरोबरी त्यांचा एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणत, अशी आठवण सांगितली जाते. जलशातील गीतात मुख्य गायकाच्या ओळीला मागचे साथीदार झील धरतात. गायकाने हाक द्यावी आणि समूहाने उत्तर द्यावे, ही रचना आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या श्रमगीतांचाही कणा आहे. दोन्ही ठिकाणी समूह हा केवळ श्रोता राहत नाही, तो गाण्याचा भागीदार होतो. अर्थात हे साम्य उसनवारीचे नव्हे. निरक्षर समूहाला गीत पाठ करून देण्याची ती सर्वांत सोपी रीत आहे, इतकेच.

जलशाचा मंच मुख्यतः पुरुषांचा होता. स्त्रियांपर्यंत विचार गेला तो जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीत १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत बाबासाहेब हे भाऊ, पाहुणा, घरचा माणूस होऊन येतात. सभेतील घोषणा आणि जात्यावरचा हा जिव्हाळा यांत फार मोठे अंतर आहे. ओवीला व्यासपीठ नको असते, वाद्य नको असते. जात्याची घरघर हाच तिचा ताल आणि शेजारी बसलेली दुसरी दळणारी हीच तिची श्रोती.

मराठवाड्यातील कव्वालीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. उर्दू ही कचेरीची भाषा होती आणि खुलताबादच्या दर्ग्यांचे उरूस हा सर्व जातिधर्मांच्या माणसांचा मेळा होता. कव्वालीची टाळी, ओळीची पुनरावृत्ती, दोन पक्षांचा सामना या गोष्टी कानांत आधीपासून होत्या. आंबेडकरी गायकांनी हा प्रकार उचलला तेव्हा त्यांनी परके काही आणले नाही, आपल्याच गल्लीतले घेतले. कव्वालीच्या सामन्यात प्रश्नोत्तरे होतात, एक पक्ष दुसऱ्याला निरुत्तर करतो. विचार मांडण्यासाठी याहून सोयीची रचना शोधूनही सापडली नसती.

वाहक

अमेरिकेच्या दक्षिण भागातील लहान गावांत तबकड्यांची दुकाने नव्हती. पुलमन कंपनीच्या रेल्वेडब्यांत काम करणारे कृष्णवर्णीय हमाल शहरातून तबकड्या व 'शिकागो डिफेंडर' हे वृत्तपत्र घेऊन जात आणि वाटेतील स्थानकांवर विकत. महाराष्ट्रातही रेल्वे आणि गिरणी यांनी हे काम केले. मनमाड येथे फेब्रुवारी १९३८ मध्ये जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. मुंबईच्या चाळीत ऐकलेले गाणे सुटीवर गावी येणाऱ्या कामगाराच्या तोंडून मराठवाड्यात उतरत असे.

वामनदादा कर्डक (१९२२-२००४) हे या वाहतुकीचे सर्वांत मोठे उदाहरण होय. सिन्नर तालुक्यातील देशवंडी हे त्यांचे गाव. मुंबईत आल्यावर त्यांनी अक्षरओळख करून घेतली आणि १९४३ साली हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर आपले पहिले गीत रचले, असे सांगितले जाते. चित्रपटाची चाल घेण्यावरून त्यांना आणि त्यांच्या समकालीनांना कमी लेखणारे पुष्कळ आहेत. ही टीका अस्थानी आहे. चाल ओळखीची असेल तर गाणे एका बैठकीत पाठ होते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ढोलकी घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या माणसाला एका गावात दुसरी बैठक क्वचितच मिळते.

दीक्षाभूमी आणि चैत्यभूमी येथील स्टॉलवर मिळणाऱ्या लहान गीतपुस्तिका हा दुसरा वाहक. तिसरा वाहक म्हणजे कॅसेट. मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए या रेडिओ केंद्राने १९४८ पासून कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी कार्यक्रम सुरू केले. भारतात मात्र नव्वदच्या दशकापर्यंत नभोवाणी सरकारच्याच हाती होती, त्यामुळे ही वाट येथे बंद होती. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि लहान कंपन्यांनाही ध्वनिमुद्रण परवडू लागले. १९७८ ते १९९४ हा मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा ज्या काळात चालला, त्याच काळात टेपरेकॉर्डर वस्तीवस्तीत पोहोचला, हा योगायोग लक्षणीय आहे.

एक आवाज, दोन श्रोते

प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) यांनी भीमगीते व कव्वाल्या गायिल्या, तशीच विठ्ठलाची गाणीही गायिली. आषाढीच्या दिवसांत त्यांचा आवाज आजही सर्व जातींच्या घरांत, बसस्थानकांवर, दिंडीच्या वाटेवर ऐकू येतो. मात्र ज्या घरांत हा आवाज भक्तीने ऐकला जातो, त्यांपैकी अनेक घरांना त्याच गळ्याने गायिलेली दुसरी गाणी माहीत नाहीत. आवाजाने उंबरठा ओलांडला, आशय बाहेर राहिला.

अमेरिकेत घडले ते याच्या उलट. लिटल रिचर्डचे 'टुटी फ्रुटी' हे गीत पॅट बून या गोऱ्या गायकाने १९५६ मध्ये पुन्हा गायिले आणि गोऱ्या श्रोत्यांत ते अधिक विकले गेले. तेथे गाणे पलीकडे गेले आणि आवाज अलीकडे राहिला. डेट्रॉइटमध्ये १९५९ साली बेरी गॉर्डी यांनी स्थापन केलेल्या मोटाउन कंपनीने ही कोंडी काही अंशी फोडली. गायक, कंपनी आणि मालकी तिन्ही कृष्णवर्णीयांची ठेवूनही तिने सर्व वर्णांचे श्रोते मिळवले. त्यासाठी आशय बराच मवाळ करावा लागला, हेही नोंदवले पाहिजे. ही किंमत देण्यास शाहीर विलास घोगरे यांच्यासारखे कलावंत तयार नव्हते. रमाबाई आंबेडकर नगरातील ११ जुलै १९९७ च्या गोळीबारानंतर घोगरे यांनी जीवनयात्रा संपवली. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या माहितीपटामुळे ते महाराष्ट्राबाहेर पोहोचले, पण तोपर्यंत चौदा वर्षे लोटली होती.

रंगमंदिर, चौक आणि मोबाइल

उस्मानपुऱ्यात महापालिकेचे संत एकनाथ रंगमंदिर आहे. तेथे तिकीट काढून, अंधारात, शांत बसून ऐकणारा श्रोता येतो. भडकल गेट येथे १४ एप्रिलच्या रात्री उभा असलेला श्रोता निराळा. तो चालतो, नाचतो, स्वतः गातो. अलीकडे ध्वनिक्षेपकांच्या भिंतींमुळे त्याच्या कानी ठेका तेवढा पडतो, शब्द हरवतात. वामनदादांची रचना तेथे ओळखू येणे कठीण झाले आहे. महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांतही पोवाडा सादर होतो, पण वर्गात मात्र गीताचे विश्लेषण कवितेच्या निकषांवरच केले जाते.

नव्या पिढीने चौथा वाहक स्वीकारला आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ऑगस्ट १९७३ मध्ये ज्याची सुरुवात झाली असे मानले जाते, त्या हिप-हॉपमधील रॅप हा प्रकार अमरावतीच्या विपिन तातड यांच्यासारखे तरुण आता मराठी-हिंदीतून गातात. पँथरने नाव घेतले होते, या तरुणांनी गीतप्रकार घेतला. आणि याच शहरातील कडूबाई खरात एकतारीवर भीमगीते गात दारोदार फिरत होत्या, तोवर त्यांचे श्रोते काही वस्त्यांपुरते होते. मोबाइलवरील चित्रफितींनी त्यांना महाराष्ट्रभर नेले.

या नव्या वाटेवर एक अडचण उद्भवली आहे. वामनदादांच्या आणि त्यांच्या परंपरेतील अनेक कवींच्या गीतांत कवीचे नाव शेवटच्या कडव्यात गुंफलेले असते. ना करारपत्र, ना स्वामित्वहक्काची नोंद. ही नाममुद्रा हीच कवीची मालकी. मोबाइलवर फिरणारा तुकडा अर्ध्या मिनिटाचा असतो. तो ध्रुपद आणि पहिल्या कडव्यापाशी संपतो.