पापलेटची खरी ओळख : जनुकीय चिन्हकांचे साहाय्य

बंगळूरच्या शिवाजीनगर भागातील ब्रिटिशकालीन रसेल मार्केटमध्ये, समुद्र शेकडो किलोमीटर दूर असूनही, पापलेट आणि हलवा विकले जातात. अखंड मासा रंग, पर व खवले यांवरून ओळखता येतो. तुकडे केल्यावर ही लक्षणे उरत नाहीत. नावेही फसवी असतात. हलव्याला इंग्रजीत ‘काळे पापलेट’ म्हणतात. प्रत्यक्षात तो पापलेटच्या कुळातील नाही. उलट, रुपेरी व चिनी पापलेट या मात्र ‘पाम्पस’ या एकाच प्रजातीतील दोन जाती आहेत.

अशा निकटच्या जाती ओळखण्यासाठी जनुकीय चिन्हके वापरली जातात. चिन्हक म्हणजे डीएनएचा असा भाग, की ज्यातील फरकावरून जाती वा समूह वेगळे करता येतात. तंतुकणिकेतील ‘सायटोक्रोम ऑक्सिडेज–१’ या जनुकाचा सुमारे ६५० आधारक-जोड्यांचा भाग जातीचा ‘बारकोड’ म्हणून वापरावा, अशी कल्पना कॅनडातील पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये मांडली. मात्र तंतुकणिकेचा डीएनए केवळ मातेकडून येत असल्याने संकर व समूहांची सरमिसळ पुरेशी उलगडत नाही. त्यासाठी केंद्रकातील ‘मायक्रोसॅटेलाइट’, म्हणजे एक ते सहा अक्षरांची पुनरावृत्ती असलेले भाग, उपयोगी पडतात. त्यांच्या दोन्ही बाजूंचा क्रम निकटच्या जातींत बहुधा सारखा असतो. म्हणून एका जातीसाठी तयार केलेले प्रायमर दुसऱ्या जातीवरही अनेकदा चालतात. यामुळे श्रम व खर्च वाचतो. भारतात माशांच्या आनुवंशिक संपत्तीचे काम १९८३ मध्ये स्थापन झालेली लखनौची राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो ही संस्था करते.

या पद्धतीचे महत्त्व रुपेरी पापलेटच्या उदाहरणातून स्पष्ट होते. भारतीय पापलेटला दीर्घकाळ ‘पाम्पस अर्जेंटियस’ म्हटले जाई. डीएनए व शरीररचना यांच्या एकत्रित अभ्यासातून उत्तर हिंदी महासागरातील मासा वेगळा, कुव्हिये यांनी १८२९ मध्ये वर्णिलेला ‘पाम्पस कँडिडस’ असल्याचे २०१९ मध्ये मांडण्यात आले. २०२३ मध्ये महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला राज्यमासा घोषित केले.

प्रश्न केवळ नावाचा नाही. दोन जाती एकच मानल्या, तर दोघींच्या साठ्याचा अंदाज चुकतो आणि एकीचा ऱ्हास दुसरीच्या आकड्यांत झाकला जातो. मासेमारी बंदीचा काळ, जाळ्याच्या आसाचा आकार व संवर्धनाचे नियम हे अचूक ओळखीवरच उभे राहतात. मच्छीमारांची उपजीविका टिकवायची, तर आधी मासा नेमका कोणता हे कळले पाहिजे.