चुन्याच्या हाताला मुंबईत मान

यवतच्या आसपास गवंडीकाम, रंगकाम करणाऱ्या बांधवांनी मुंबईला गेल्यावर चर्नी रोडजवळचे रॉयल ऑपेरा हाऊस जरूर पाहावे, असे आम्ही सुचवतो. १९११ साली राजे पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झालेली ही इमारत पुढे सिनेमाघर झाली. १९५२ मध्ये गोंडलच्या महाराजांनी ती विकत घेतली. केबल टीव्हीपुढे धंदा बसला आणि १९९३ मध्ये दरवाजे बंद झाले. थिएटर बंद पडले की डोअरकीपरपासून बाहेरच्या भजीवाल्यापर्यंत सगळ्यांची रोजी जाते. आपल्याकडच्या टुरिंग टॉकीजचे तेच झाले.

वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली दुरुस्तीला कित्येक वर्षे लागली. अशा कामात सिमेंट थापून भागत नाही. सिमेंट ओल कोंडते, मग जुना चुन्याचा गिलावा सुटतो. नक्षी, सोनेरी मुलामा, रंगीत काचा, सगळे हाताचे कसब. ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबई चित्रपट महोत्सवाच्या वेळी पडदा पुन्हा उजळला. २०१७ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. मात्र नुसत्या वेगळ्या वाटेच्या सिनेमांच्या तिकिटांवर एवढा हॉल पोसत नाही. नाटक, संगीत, समारंभ यांचे भाडे लागतेच.

चुना किती दिवस भिजवायचा, कसा घोटायचा, हे जाणणारा म्हातारा मिस्त्री तुमच्या मोहल्ल्यात असेल तर घरातला एखादा मुलगा त्याच्या हाताखाली आताच बसवा.