नंबर पॅड नाही? एच-जे-के-एल आहे ना!
खोपोली–कर्जत लोकलमध्ये शेजाऱ्याचं कोपर सांभाळत उघडता येतो तो छोटाच लॅपटॉप. त्याला नंबर पॅड नसतो. मग नेटहॅकमध्ये राक्षस मागे लागल्यावर तिरकं कसं पळायचं?

एच डावीकडे, जे खाली, के वर, एल उजवीकडे. वाय, यू, बी, एन म्हणजे चार तिरक्या दिशा. १९७६च्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण एच-जे-के-एलवरच छापलेले असत. बिल जॉयने व्हीआय त्यावरच लिहिला.

उद्या संशोधनासाठी दूरच्या सर्व्हरवर लॉगिन कराल, तिथे बहुधा व्हीआयच भेटेल. बोटं खेळातच बसलेली बरी. फक्त ‘यू’ जपून दाबा: नेटहॅकमध्ये तो उजवीकडे वर नेतो, व्हीआयमध्ये तुमचा शेवटचा बदल रद्द करतो.