कसोटी ३१, रणजी १२ हजार: वसीम जाफरच्या दोन कारकिर्दी

पालकसभेत प्रगतिपुस्तकावर बोलून झालं की काही पालक मागे थांबतात. मुलगा क्रिकेट खेळतो, कोचिंगचा खर्च झेपत नाही, अभ्यास बुडतो. मग ठरलेला प्रश्न येतो, "सर, इंडिया टीममध्ये नंबर लागणार असेल तर ठीक, नाहीतर काय फायदा?" आम्ही अशा वेळी वसीम जाफरचं नाव घेतो. बऱ्याच अब्बांना तो आठवतो, पण "अरे हां, थोडे दिवस खेळला होता" एवढाच. तो थोडे दिवस खेळला नाही, दोन दशकांहून जास्त खेळला. आमच्याच वयाचा, म्हणून एकेरीत लिहितोय.

वसीमचा जन्म १९७८ चा, मुंबईचा. वडील बेस्टमध्ये बस चालवायचे. अंजुमन-ए-इस्लाम शाळेकडून खेळताना पंधराव्या वर्षी त्याने एका डावात नाबाद ४०० धावा केल्या. १९९६-९७ च्या हंगामात तो मुंबईच्या रणजी संघात आला आणि दुसऱ्याच सामन्यात, राजकोटला सौराष्ट्राविरुद्ध, नाबाद ३१४! सुलक्षण कुलकर्णीबरोबर पहिल्या विकेटला ४५९ धावा. वय अठरा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. देशांतर्गत क्रिकेट म्हणजे राज्याच्या किंवा संघटनेच्या संघाकडून खेळणं. सोळा वर्षांखालच्यांसाठी विजय मर्चंट ट्रॉफी, एकोणीसखाली कूचबिहार, तेवीसखाली सी. के. नायडू, आणि मग मोठ्यांची रणजी. रणजीचे साखळी सामने चार दिवसांचे, बाद फेरीचे पाच दिवसांचे. त्याच्या वर दुलीप आणि इराणी, आणि त्यानंतर भारताचा संघ. त्या संघात सलामीच्या जागा दोनच असतात. रणजीत प्रत्येक संघाचे दोन सलामीवीर हंगामभर धावा करत असतात, त्या याच दोन जागांसाठी. म्हणजे चांगलं खेळूनही बाहेर राहणं ही इथली रोजची गोष्ट आहे.

वसीमला पहिली कसोटी २००० साली वानखेडेवर मिळाली, समोर दक्षिण आफ्रिका. दोन्ही डावांत मिळून दहा धावा झाल्या. २००२ मध्ये परत संधी आली आणि परत गेली. पुढची कसोटी थेट मार्च २००६ ला, नागपुरात इंग्लंडविरुद्ध. मधली साडेतीन वर्षं तो मुंबईकडून धावा करत राहिला. नागपुरात ८१ आणि १००. त्याच वर्षी अँटिग्वाला २१२, पुढच्या वर्षी केपटाऊनला ११६ आणि ईडन गार्डन्सवर पाकिस्तानविरुद्ध २०२. बांगलादेश दौऱ्यात चितगावला सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडाला, आणि लगेच पुढच्या कसोटीत मीरपूरला नाबाद १३८.

पण ऑस्ट्रेलियात तीन कसोटींत एकही अर्धशतक झालं नाही. मार्च २००८ मध्ये चेन्नईला सेहवागबरोबर २१३ ची सलामी दिली, स्वतःच्या ७३, आणि त्यानंतर दोनच कसोटींत दार कायमचं बंद झालं. ३१ कसोटी, १९४४ धावा, सरासरी ३४ च्या आसपास, पाच शतकं. एकदिवसीय सामने फक्त दोन. अन्याय झाला असं म्हणणारे आहेत. आम्हाला तसं सरसकट म्हणावंसं वाटत नाही. सेहवाग-गंभीर तेव्हा तुफान फॉर्मात होते. मात्र पुढच्या हंगामात रणजीत १२६० धावा, त्यात उपांत्य सामन्यात ३०१, करूनही बोलावणं येऊ नये, हे आजही खटकतं.

तेव्हा वसीम जेमतेम तीस वर्षांचा होता. पुढे तो आणखी बारा वर्षं खेळला.

मुंबईचा कर्णधार म्हणून त्याने सलग दोन रणजी करंडक जिंकले. २०१५ मध्ये तो विदर्भाकडे गेला. रणजीत बाहेरच्या राज्यातले मोजके खेळाडू घेता येतात, त्यांना 'प्रोफेशनल' म्हणतात आणि त्यांचा वेगळा करार असतो. दुखापतीमुळे त्याचा २०१६-१७ चा अख्खा हंगाम बुडाला. पुढच्या वर्षी कराराचे पैसे न घेता खेळायला तो तयार झाला. त्याच हंगामात फैज फझलच्या नेतृत्वाखाली विदर्भाने इतिहासात पहिल्यांदा रणजी जिंकली. १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये दिल्लीविरुद्ध विजयी चौकार मारला तो वसीमने. दोन महिन्यांनी इराणी करंडकात २८६, वय चाळीस. पुढच्या हंगामात पुन्हा हजारावर धावा आणि पुन्हा करंडक. रणजीचे दहा अंतिम सामने तो खेळला आणि दहाही जिंकला.

मार्च २०२० मध्ये निवृत्त झाला तेव्हा रणजीत १२,०३८ धावा आणि चाळीस शतकं होती. तोवर कुणीच रणजीत बारा हजारांपर्यंत पोचलं नव्हतं.

२०२१ मध्ये उत्तराखंडचं प्रशिक्षकपद त्याने सोडलं, निवडीत हस्तक्षेप होतो म्हणून. त्यावर धर्माच्या नावाने त्याच्यावर आरोप झाले. त्याने माध्यमांसमोर येऊन एकेक मुद्दा खोडला, आणि अनिल कुंबळेने उघडपणे त्याची बाजू घेतली. मुलांना वसीमबद्दल सांगताना आम्ही हा भाग गाळत नाही.

राहिला पैशांचा प्रश्न, कारण पालकांच्या मनात तोच असतो. २०२१ पासून रणजीत अंतिम अकरात खेळणाऱ्या नव्या खेळाडूला दिवसाला ४० हजार रुपये मिळतात, चाळीसहून जास्त सामने खेळलेल्याला ६० हजार. चार दिवसांचा एक सामना म्हणजे नवख्यालाही एक लाख साठ हजार. राखीव खेळाडूंना याच्या निम्मे. कसोटीच्या १५ लाखांपुढे हे कमी आहे. पण रणजी संघात जागा मिळवणंही सोपं नाही, आणि वसीमच्या काळात तर एवढेही मिळत नव्हते.

परवा एका अम्मीने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे सर, दहावीचं काय करायचं?" दहावी द्यायचीच, आम्ही म्हटलं. सोळाखालची निवड चाचणी कधी आहे, तेही तिने वहीत लिहून घेतलं.