आकाशातून अरण्याची पाहणी

वैद्य रोग्याचे मनगट हाती धरून त्याची नाडी पाहतो. परंतु शेकडो कोस पसरलेल्या अरण्याची प्रकृती कोणी व कशी पाहावी? पायी हिंडून अरण्याची मोजणी करावयास महिनेच्या महिने लागतात. एका टोकास मोजणी चालू असता दुसऱ्या टोकास कुऱ्हाड चालली, तर तिची वार्ताही लागत नाही. ही अडचण दूर करण्याच्या कामी आज कृत्रिम उपग्रहांचे मोठे साहाय्य होते. वस्तूला स्पर्श न करता, दुरूनच तिची माहिती मिळविण्याच्या या विद्येला ‘दूरसंवेदन’ असे म्हणतात.

या विद्येचे रहस्य प्रकाशात आहे. सूर्यप्रकाश पानावर पडला, म्हणजे पानातील हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश बहुतांशी शोषून घेते. हिरवा प्रकाश काहीसा परत येतो, म्हणून पान आपणांस हिरवे दिसते. परंतु सूर्यप्रकाशात आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही असतात. निरोगी पान हे किरण मोठ्या प्रमाणात परत पाठविते. पान सुकू लागले, की हे प्रमाण घटते. स्वच्छ पाणी तर ते जवळजवळ सारेच गिळून टाकते. अशा प्रकारे अरण्य, पीक, पाणी, पडीक जमीन आणि वस्ती ही परत आलेल्या प्रकाशावरून निरनिराळी ओळखता येतात. शास्त्रज्ञ चित्रात अवरक्त किरणांना बहुधा तांबडा रंग देतात. त्यामुळे अशा चित्रात घनदाट अरण्य चक्क लालभडक दिसते!

भारतात या विद्येचा पाया डॉ. पी. आर. पिशारोटी यांनी घातला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ते पहिले संचालक होते. नारळीची पाने मलूल करून तिचे उत्पन्न घटविणारा एक रोग केरळात पसरला होता. १९७० साली पिशारोटी व त्यांचे सहकारी यांनी हेलिकॉप्टरमधून माडांच्या बागांची अवरक्त छायाचित्रे घेऊन रोगट माड हुडकून काढण्याचा प्रयोग केला. पुढे १७ मार्च १९८८ रोजी ‘आय.आर.एस.-१ए’ हा भारताचा उपग्रह अवकाशात गेला. सुमारे ९०० किलोमीटर उंचीवरून तो दर २२ दिवसांनी त्याच प्रदेशावर परत येई. त्यामुळे जुने चित्र व नवे चित्र शेजारी ठेवून, कोठे वन घटले, कोठे शेत वाढले, हे ताडून पाहता येऊ लागले.

पावसाळ्यात मात्र ढग आड येतात. यावर रडारचा उपाय आहे. भारत व अमेरिका यांनी मिळून तयार केलेला ‘निसार’ उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. तो स्वतःच लहरी सोडतो व परतणाऱ्या लहरी टिपतो. या लहरी ढगांतून पार जातात. त्यांवरून झाडोऱ्यात किती लाकूड आहे, याचा अंदाज बांधता येतो. झाडे हवेतील कार्बन आपल्या लाकडात साठवून ठेवतात. ती जाळली, की तो पुन्हा हवेत मिसळून पृथ्वीची उष्णता वाढवितो. म्हणून अरण्याच्या मोजणीचा हवामानाशी निकटचा संबंध आहे.

तथापि हिरवे ते सारे अरण्य नव्हे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था साधारणतः दर दोन वर्षांनी देशातील वनाच्छादनाचा अहवाल काढते. किमान एक हेक्टर जागेचा शेकडा १० किंवा अधिक भाग झाडांच्या माथ्यांनी झाकलेला असेल, तर ती जागा त्यात मोजली जाते. मग झाडे कोणतीही असोत. त्यामुळे आंबराई आणि माडांची बागही त्यात येते. समजा, एखाद्या जिल्ह्यात शतकानुशतकांची राई तुटली आणि तितक्याच जागेत नवी बाग लागली. एकूण आकडा तोच राहील. परंतु राईतील वेली, पाखरे आणि झरे त्या बागेत सापडतील काय?

यास्तव उपग्रहाच्या चित्राची पडताळणी करण्यासाठी माणसांना आजही रानात पायी जावे लागते. अरण्य कोठे बदलले, हे आकाशातून कळते. काय गमावले, हे जाणण्यास त्या मातीवर उभे राहूनच पाहिले पाहिजे, आणि तुटू लागलेली राई वाचविण्यास हातही तेथेच लावला पाहिजे.